मोजून झालं, आता ऐकणार कोण?

२०१० च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका संस्थेला मुस्लिम वस्त्यांचा सर्व्हे करायचा होता आणि तासगावात आमच्या मोहल्ल्यात घरोघर फिरायला मोहल्ल्यातलीच मुलं हवी होती. एका फॉर्ममागे ठरावीक पैसे मिळणार होते. मी आणि माझ्या दोन मित्रांनी आठवडाभरात सगळ्या गल्ल्या संपवल्या. फॉर्म चार पानांचा. घर कच्चं की पक्कं, कमावते किती, रेशनकार्ड पिवळं की केशरी, संडास आहे की नाही. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : मुलीने शाळा सोडली असल्यास कारण काय? खाली पाच रकाने. आर्थिक, धार्मिक-सामाजिक, शाळा दूर, शिक्षणात रस नाही, इतर.

एका घरात तेरा वर्षांची मुलगी शाळा सोडून बसली होती. मी तिच्या आईला विचारलं, "खाला, हिची शाळा का बंद केली?" खाला चुलीपुढून उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "लडकी बडी हुई बेटा. हमारेमें नै चलता." मी दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

ती खूण चुकीची होती. हे कळायला मला चौदा वर्षं लागली.

२०२४ चा रमजान मार्चमध्ये आला. आमच्याकडे मार्च म्हणजे द्राक्षाचा आणि त्याच्या पाठोपाठ बेदाण्याचा हंगाम. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. १५-२० दिवसांत ती वाळली की झाडून, काड्या वेगळ्या करून, रंग आणि आकार बघून निवडायची असतात. निवडायला बायका लागतात. मी आता ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. अकरावीतली एक मुलगी वार्षिक परीक्षा तोंडावर असताना आठवडाभर वर्गात दिसली नव्हती. 'झालं, हिचंही शिक्षण बंद केलं' असं मनाशी म्हणत मी तिला शोधत गावाबाहेरच्या एका शेडवर गेलो. समोर बेदाण्याचे ढीग, आणि निवडायला बसलेल्या कितीतरी जणींचे रोजे चालू होते.

तिथली एक बाई बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "भाई, फारम लेके तुमीच आये थे ना? मैं छोटी थी तब." ती तीच मुलगी होती. आता दोन लेकरांची आई. बोलता बोलता मी तिला विचारलं, तेव्हा शाळा का सुटली? तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं, "परीक्षा आती तब शेड चालू रैती. अम्मी शेडपे, मैं घरमें छोटे भाईकू लेके. एक साल नापास हुई, दूसरे साल पेपरकूच नै गयी. फिर कायकी शाळा?" मी म्हटलं, पण अम्मी तर म्हणाल्या होत्या की हमारेमें नै चलता. ती हसली. "गरीबी का बोलती क्या तुमारे सामने? तुम तो मोहल्लेकेच."

हे ऐकून मी गप्प झालो. परक्यासमोर, त्यातही ओळखीच्या घरातल्या पोरासमोर, 'पैसे नाहीत' म्हणणं त्या माउलीला लाजिरवाणं वाटलं. 'आमच्यात चालत नाही' म्हणण्यात मात्र अब्रू शाबूत राहत होती. रीत सांगितली की कुणी पुढे विचारत नाही. मीही विचारलं नाही. माझ्यासारख्या कितीतरी पोरांनी केलेल्या खुणांची बेरीज झाली असेल, तिची टक्केवारी निघाली असेल आणि 'मुस्लिम मुली धर्मामुळे शिकत नाहीत' हे वाक्य कुणीतरी कुठल्यातरी व्यासपीठावरून आकड्याच्या जोरावर ठणकावून सांगितलं असेल. त्या वाक्यात माझ्या हाताची एक खूण आहे.

आणि ज्या विद्यार्थिनीला शोधत गेलो होतो, तिचं काय? तिच्या आईने मुकादमाला आधीच सांगून ठेवलं होतं की पेपर सुरू झाले की पोरगी येणार नाही. तोवर चार पैसे होतील म्हणून ती येत होती. म्हणजे माझा तर्क दुसऱ्यांदा चुकला होता. पोरगी पेपरला बसली, पासही झाली.

(दोघींचीही ओळख पटेल असे काही तपशील मी इथे मुद्दाम बदलले आहेत. त्याचं कारण पुढे येईल.)

आकड्यांशी भांडण नाही

हे सांगितल्यावर काही मित्र म्हणतात, म्हणजे सर्व्हे खोटेच असतात का? नाही. आकड्यांनी मुसलमानांवर उपकारच केले आहेत. २००५ साली नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. त्याआधी 'मुसलमानांची मुलं मदरशात जातात' हे जणू सिद्ध झालेलं सत्य होतं. सच्चर समितीने मोजून दाखवलं की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुलं मदरशात शिकतात. वर्षानुवर्षांचा समज एका आकड्याने मोडला. शंभर भाषणांनी ते झालं नसतं. महाराष्ट्रात २००८ मध्ये नेमलेल्या डॉ. महमूदुर्रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यातूनच २०१४ च्या ५ टक्के आरक्षणाच्या अध्यादेशाला आधार मिळाला. किती, कुठे, कुणाच्या तुलनेत, या प्रश्नांची उत्तरं आकडेच देतात.

पण 'का' आणि 'कसं' या प्रश्नांपाशी आकडा थांबतो. सच्चर समितीला हे ठाऊक होतं. तिच्या अहवालाचं दुसरं प्रकरण तक्त्यांचं नाही. समिती राज्याराज्यांत फिरली, लोकांशी बोलली, आणि लोक काय म्हणाले ते या प्रकरणात आहे. ओळख, सुरक्षितता आणि समान वागणूक हे तीन धागे त्यातून निघाले. एकीकडे देशद्रोही म्हणून संशय आणि दुसरीकडे लाडावलेले म्हणून टोमणा, हे दुहेरी ओझं मुसलमान वाहतो असं समितीने तिथे नोंदवलं. हे कुठल्याही तक्त्यातून निघालं नसतं. आपण मात्र इतक्या वर्षांत अहवालातले आकडे पाठ केले आणि दुसरं प्रकरण विसरून गेलो. मोर्चाच्या फलकावर टक्केवारी लिहिता येते, ऐकलेलं लिहिता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

या ऐकण्याला विद्यापीठात गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे. अनेकांना वाटतं की ज्यांना गणित जमत नाही ते हे करतात. चार बायकांशी गप्पा मारायच्या आणि प्रबंध लिहायचा. माझं म्हणणं असं, की ऐकण्यालाही शिस्त आहे, रीत आहे आणि मोजण्यापेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. मुस्लिम समाजाला आज या शिस्तीने ऐकणारी माणसं हवी आहेत आणि त्यातली काही तरी आपल्यातून यायला हवीत.

एकच प्रश्न, पाच वाटा

मला मी चुकवलेलाच प्रश्न घेऊ द्या : तासगावातली मुलगी शाळा का सोडते? गुणात्मक संशोधनात तो विचारायच्या निदान पाच रुळलेल्या वाटा आहेत.

पहिली, तिथे जाऊन राहायचं. इंग्रजीत हिला एथ्नोग्राफी म्हणतात. म्हणजे अख्खा हंगाम शेडवर जायचं, बायकांबरोबर बसायचं, जमलं तर निवडायचं. मुकादम कुणाला काय बोलतो, डबा कोण कुणाबरोबर खातं, लेकरं कुठे ठेवलेली असतात, हे डोळ्यांनी बघायचं आणि रोज रात्री लिहून काढायचं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यासाठी डोळा मिचकावण्याचं उदाहरण वापरलं. पापणी नुसती लवली की मुद्दाम डोळा मारला, हे छायाचित्रात सारखंच दिसतं. फरक कळायला त्या माणसांमधलं नातं ठाऊक असावं लागतं. 'हमारेमें नै चलता' हे असंच मिचकावणं होतं. मी फक्त पापणीची नोंद केली.

दुसरी वाट अनुभवाची. शाळा सुटली तो दिवस कसा होता? दप्तराचं काय केलं? मैत्रिणी गणवेशात समोरून जायच्या तेव्हा ती कुठे उभी असायची? इथे कारण शोधायचं नसतं, तो अनुभव ज्याने घेतला त्याला तो कसा भासला हे त्याच्या शब्दांत समजून घ्यायचं असतं. माणसं थोडी, बैठका लांब.

तिसरी, एकच प्रकरण मुळापासून. एक शाळा किंवा एक गल्ली घ्यायची आणि तिच्याबद्दल मिळेल ते सगळं जमवायचं. शाळेचं जनरल रजिस्टर, हजेरीपट, शिक्षकांच्या मुलाखती, पालकांच्या मुलाखती, एस.टी.चं वेळापत्रक, बेदाण्याच्या सौद्यांचं कॅलेंडर. हजेरीपटावर फेब्रुवारीपासून कुणाच्या गैरहजेरीच्या खुणा वाढतात हे बघितलं असतं, तर मला चौदा वर्षं थांबावं लागलं नसतं.

चौथीला ग्राउंडेड थिअरी म्हणतात. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ती मांडली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी डॉक्टर-परिचारिका कशा वागतात, याचा अभ्यास करताना ती घडली. उत्तर आधी ठरवून जायचं नाही. दोन-तीन मुलाखती झाल्या की थांबायचं, ओळ न् ओळ वाचायची, त्यातून काय निघतंय ते बघायचं आणि पुढची मुलाखत कुणाची घ्यायची ते त्यावरून ठरवायचं. नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. माझ्या फॉर्ममध्ये याच्या बरोबर उलट होतं. पाच रकाने आधीच छापून आले होते आणि 'हंगाम' असा रकाना त्यात नव्हता, कारण फॉर्म बनवणाऱ्याने बेदाण्याची शेड बहुधा पाहिलीच नव्हती.

पाचवी, आयुष्याची गोष्ट. माणसाला जन्मापासून आजपर्यंत सांगू द्यायचं आणि तो कुठे थांबतो, काय पुन्हा पुन्हा सांगतो, काय गाळतो ते ऐकायचं. मौखिक इतिहास याच घरातला. ३ सप्टेंबर १९४२ ला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि तिरंगा लागला, हे पुस्तकात आहे. पण पुढचं प्रतिसरकार भूमिगत होतं. भूमिगत माणसं कागद मागे ठेवत नाहीत, म्हणून त्याचा मोठा भाग लोकांच्या आठवणींतून गोळा करावा लागला. शेजारच्या कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड, पत्रकार पी. साईनाथ यांच्यासारख्यांना अगदी म्हातारपणापर्यंत ते सांगत राहिले. आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं? मीही माझ्या दादीजानला विचारलं नाही. आता ती नाही.

या पाच वाटांवर हत्यारं साधारण तीच असतात : सविस्तर मुलाखत, सात-आठ जणांची गटचर्चा, निरीक्षण आणि कागदपत्रं. कुठलं कुठे वापरायचं याला मात्र अक्कल लागते. शाळा का सुटली हे गटचर्चेत विचारलंत तर सगळ्या जणी मिळून 'हमारेमें नै चलता' हेच सांगतील, कारण शेजारणीसमोर गरिबी कोण काढेल? तेच मजुरीच्या दराबद्दल विचारायचं असेल, तर गटात एकीमुळे दुसरीला धीर येतो.

ही रीत आपल्याला परकी नाही

महाराष्ट्राला हे शास्त्र बाहेरून शिकावं लागलं असं नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या घराचं, अंगावरच्या कपड्यांचं, ताटातल्या अन्नाचं वर्णन इतक्या बारकाईने केलं आहे की आजच्या संशोधकाने वही खाली ठेवावी. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ चं. त्यात बलुतेदारांमध्ये आपला मुलाणीही आहे. पण आत्रे मुलकी खात्यातले अधिकारी होते. भटक्या जमातींबद्दल लिहिताना त्यांच्यातला अधिकारी बोलतो, ती माणसं त्यांना गावावरचं ओझं वाटतात. निरीक्षण कितीही बारीक असलं, तरी बघणारा कुठे उभा आहे हे विचारावंच लागतं.

इरावती कर्व्यांनी ते स्वतःला विचारलं. त्या पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर चालल्या. एकाच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं, ते त्यांना टोचलं आणि ती टोचणीही त्यांनी लिहून ठेवली. मानवशास्त्राचे धडे देणाऱ्या बाई स्वतः त्या लेखातलं एक पात्र झाल्या.

गी प्वातवँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्याकडच्या खेड्यांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बाई पहाटे जात्याशी जे बोलते ते दिवसा कुणाशी बोलत नाही, हे त्यांनी ओळखलं. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या विजापूरच्या सूफींवरील पुस्तकात दखनीतल्या चक्कीनाम्यांची दखल घेतली. सूफींची शिकवण घराघरांत पोहोचली ती दळणाऱ्या बायकांच्या तोंडून, असं त्यांनी दाखवलं. विजापूर आमच्यापासून काही दूर नाही, आणि ती दखनी आमच्या घरात आजही बोलली जाते. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून सत्यशोधक चळवळीचा अभ्यास करायला आल्या आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या.

मुसलमान वाचकाला तर हे आणखी ओळखीचं वाटावं. हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी हिंदुस्थानाबद्दल लिहायला बसला तेव्हा आधी संस्कृत शिकला आणि या लोकांचं म्हणणं त्यांच्याच ग्रंथांतून मांडायचं, त्यांना खोडून काढायला बसायचं नाही, असं त्याने ठरवलं. हदीस गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक कथनाबरोबर सांगणाऱ्यांची साखळी लिहिली. कुणी कुणाकडून ऐकलं, दोघांची भेट शक्य होती का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, चारित्र्य कसं, हेही तपासलं. आज संशोधनात एकच गोष्ट दोन-तीन वेगळ्या मार्गांनी पडताळायला सांगतात, तेव्हा मला ती साखळी आठवते. ऐकीव गोष्टीची शहानिशा कशी करायची, यावर ज्या परंपरेने अख्खं शास्त्र उभं केलं, तिच्या वारसांनी 'ऐकणं म्हणजे काय संशोधन?' असं म्हणणं शोभत नाही.

'चार बायकांच्या गोष्टी'

यावरचे आक्षेप खरे आहेत. पहिला : चार बायकांच्या गोष्टींवरून जिल्ह्याचं धोरण ठरवायचं का? नाही. शेडवरच्या त्या एका भेटीवरून 'मुस्लिम मुली बेदाण्यामुळे शाळा सोडतात' असं मी म्हणालो, तर २०१० मधलीच चूक मी उलट्या बाजूने करेन. नंतर मी आणखी काही जणींशी बोललो. एकीला प्राथमिक वर्ग उर्दूत शिकल्यावर मराठी माध्यमात बसणं जड गेलं होतं. एकीला रस्त्यावरच्या टवाळ पोरांचा त्रास होता आणि तो घरी सांगायची सोय नव्हती. एकीचं लग्न ठरलं होतं. आणि एका घरात खरोखरच आजोबांना मुलीने शिकणं धर्माच्या विरुद्ध वाटत होतं. म्हणजे तो दुसरा रकाना सरसकट खोटा नव्हता. तो लपवून ठेवला तर मी संशोधक नाही, समाजाचा वकील झालो. आपल्या समाजात ऐकायला जाताना हा मोह मोठा असतो. बाहेरचे आपल्याबद्दल वाईटच लिहितात, म्हणून आपण चांगलंच लिहायचं, असं वाटतं. त्याने आपल्याच मुलींचं नुकसान होतं.

दुसरा आक्षेप : सरकारला आकडे लागतात. लागू देत. आधी ऐका, त्यातून रकाने बनवा आणि मग मोजा. माझ्या फॉर्मवर 'परीक्षेच्या काळात घरी लहान भावंडं सांभाळते' असा रकाना असता तर तोच सर्व्हे कामाचा झाला असता. उपायही त्यावरच ठरतो. कारण धर्म असेल तर प्रबोधनाचे मेळावे घ्यायचे. कारण हंगाम असेल तर शेडजवळ पाळणाघर हवं आणि चुकलेल्या पेपरची पुन्हा सोय हवी. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, कारण त्यांचा हंगाम आणि शाळा एकमेकांच्या आड येतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं. आमच्या मुलीची शाळा बेदाण्याने अडवली असेल आणि आपण तिच्या आईला तकरीर ऐकवत बसलो, तर तो तिच्यावर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, सावधगिरी आहे. मुस्लिम वस्तीत अभ्यासाला आलेला माणूस आधी मशिदीच्या विश्वस्तांकडे जातो, मग एखाद्या नगरसेवकाकडे आणि मग त्यांनी दाखवलेल्या चार घरांत. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दारात उभा असलेला नवरा देतो. २०१९-२० च्या नागरिकत्व कायद्याच्या वादानंतर तर कागद घेऊन आलेल्या माणसाकडे लोक आधी संशयाने बघतात. त्यांचं काही चुकत नाही. म्हणून संमती नीट घ्यावी लागते : कोण आहे, कशासाठी विचारतोय, याचं पुढे काय होणार आणि 'नाही' म्हणालात तर काही बिघडणार नाही, हे त्यांच्या बोलीत सांगावं लागतं. आणि नुसतं नाव बदलून भागत नाही. तासगावसारख्या गावात अमुक गल्लीतली, दोन लेकरांची, बेदाणा निवडणारी एवढं लिहिलं की लोक घर दाखवतात. वर मी तपशील बदलले ते यासाठीच. तिने विश्वासाने सांगितलं, तिची अब्रू सांभाळणं माझं काम आहे.

रकाने छापायच्या आधी

आता जनगणना येते आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख आहे आणि यावेळी जातही विचारली जाणार आहे. आमच्या मोहल्ल्यात आत्ताच चर्चा सुरू आहे. जात काय सांगायची? मुसलमान? शेख? की तांबोळी, अत्तार, शिकलगार, पिंजारी, बागवान? घराण्यात धंदा एक, आडनाव दुसरं, दाखल्यावर तिसरंच. मुस्लिम ओबीसी चळवळीने १९९० च्या दशकात या प्रश्नाला तोंड फोडलं, पण घराघरातला गोंधळ अजून सुटलेला नाही. प्रगणक येईल, अर्ध्या मिनिटात खूण करेल आणि जाईल. त्या खुणेवर पुढची किती तरी वर्षं बोललं जाईल. लोक काय सांगतात आणि तसंच का सांगतात, हे समजून घ्यायचं असेल तर आत्ताच ऐकायला बसलं पाहिजे.

माझी विनंती आपल्या कॉलेजमधल्या मुलामुलींना आहे, विशेषतः मुलींना, कारण ज्या दारात मी उंबऱ्यावर थांबतो तिथे त्या चुलीपर्यंत जाऊ शकतात. समाजशास्त्राचा, समाजकार्याचा, शिक्षणशास्त्राचा प्रकल्प करायचा असला की शंभर प्रतिसादक, वीस प्रश्न आणि चार टक्केवारीचे तक्ते असा साचा ठरलेला असतो. एकदा तो बाजूला ठेवा. आपल्या फुफीला, शेजारच्या खालाला, शेडवरच्या बाईला अर्धा तास द्या. प्रश्न कमी विचारा. पहिलं उत्तर मिळालं की लगेच लिहू नका, थोडं थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. जे ऐकलं ते लिहून तिलाच वाचून दाखवा आणि विचारा, "बराबर लिख्या क्या?" संशोधनाच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. आपल्याकडे याला साधी तमीज म्हणतात.

मी त्या बाईला शेडवरून निघताना विचारलं होतं, तेव्हा मी थोडा वेळ बसलो असतो तर तुझ्या अम्मीने खरं सांगितलं असतं का? तिने जरा विचार केला. म्हणाली, "चाय तो पीते. फिर बोलती होयेंगी."

त्या दिवशी मी चहाला नको म्हटलं होतं. अजून बरेच फॉर्म भरायचे राहिले होते.